२१ व्या वर्षी सगळ्यांना भांडवल, पन्नाशीनंतर सगळ्यांना पेन्शन. १७९७ मध्येच हिशेब मांडणारा थॉमस पेन

निवडणूक जवळ आली की आपल्याकडे एक वाद हमखास रंगतो. सरकारने लोकांच्या खात्यात थेट पैसे टाकावेत की नाही? २०२४ मध्ये महाराष्ट्रात ‘लाडकी बहीण’ योजना आली, महिन्याला १५०० रुपये जमा व्हायला लागले आणि सोशल मीडियावर दोन गट पडले. एक गट म्हणतो, ही रेवडी आहे. दुसरा म्हणतो, हा आमचा हक्क आहे. मधल्यामध्ये तिसरा प्रश्न तसाच राहतो, तो म्हणजे याला पैसा कुठून आणायचा?

हे तिन्ही प्रश्न सव्वादोनशे वर्षांपूर्वी एका माणसाने एकत्र घेतले होते. तो मंत्री नव्हता, अर्थतज्ज्ञ नव्हता, कॉलेजची पायरीही चढला नव्हता. कॉर्सेट शिवायचा धंदा बुडालेला, सरकारी नोकरीवरून दोनदा काढून टाकलेला हा माणूस. पण मुलांसाठी भत्ता, म्हाताऱ्यांसाठी पेन्शन, तरुणांसाठी भांडवल आणि गरिबांच्या पोरांसाठी शाळा, अशी पूर्ण योजना त्याने आकड्यांसकट छापून टाकली.

त्याचं नाव थॉमस पेन. महाराष्ट्राला हे नाव माहीत असतं ते महात्मा फुल्यांमुळे. विशीतल्या जोतीरावांनी १८४७ मध्ये पेनचं ‘राइट्स ऑफ मॅन’ वाचलं, हे फुल्यांच्या चरित्रांमध्ये येतं. पण त्या पुस्तकात नेमकं काय होतं आणि ते लिहिणाऱ्याचं पुढे काय झालं, हे फारसं सांगितलं जात नाही. तेच आज बघू.

कॉर्सेटच्या दुकानातून सुरुवात

पेनचा जन्म १७३७ चा, इंग्लंडमधल्या थेटफर्ड या छोट्या गावातला. वडील क्वेकर पंथाचे. क्वेकर म्हणजे ख्रिस्ती धर्मातला साधेपणा आणि समानता मानणारा पंथ. त्यांचा धंदा बायकांचे कॉर्सेट बनवण्याचा होता. त्या काळी बायका पोशाखाच्या आत जे घट्ट, पट्ट्या घातलेलं वस्त्र घालायच्या, ते म्हणजे कॉर्सेट. थॉमस गावच्या शाळेत गेला, पण बाराव्या-तेराव्या वर्षी शाळा सुटली आणि तो वडिलांच्या हाताखाली शिकाऊ म्हणून बसला.

पुढची वीस वर्षं म्हणजे एकामागून एक फटके. थोडे दिवस जहाजावर काम केलं. मग सँडविच नावाच्या गावात स्वतःचं दुकान टाकलं. १७५९ मध्ये लग्न झालं आणि वर्षभरातच बायको बाळंतपणात गेली. दुकानही चाललं नाही. मग तो अबकारी खात्यात लागला. दारू, तंबाखू, चहा अशा मालावरचा कर नीट भरला जातो की नाही हे तपासायचं, असं ते काम. १७६५ मध्ये त्याला नोकरीवरून काढलं. माल प्रत्यक्ष न बघताच तपासला अशी नोंद केल्याचा ठपका होता. त्याने माफीचा अर्ज केला, वर्षभरात पुन्हा खात्यात घेतलं गेलं, पण जागा मिळेपर्यंत लंडनमध्ये तुटपुंज्या पगारावर शिकवण्या कराव्या लागल्या.

१७६८ मध्ये त्याची बदली लुईस या गावी झाली. तिथे दुसरं लग्न झालं, सासरचं तंबाखूचं दुकान सांभाळायला आलं. गावातल्या खानावळीत संध्याकाळी राजकारणावर वाद घालणारा माणूस म्हणून त्याची ओळख झाली. आणि इथेच त्याच्या हातून पहिलं निवेदन लिहिलं गेलं.

पहिली मागणी: पगार वाढवा

अबकारी अधिकाऱ्याचा पगार तेव्हा वर्षाला ५० पौंड होता. ऐकायला बरा वाटतो. पण कामासाठी घोडा स्वतःच्या खर्चाने पाळायचा, फिरतीचा खर्च स्वतः करायचा, बदली झाली की घर उचलायचं. पेनने हिशेब केला तर हातात वर्षाला साधारण ३२ पौंड उरत होते. म्हणजे दिवसाला दोन शिलिंगसुद्धा नाहीत. (२० शिलिंगचा एक पौंड.)

१७७२ मध्ये त्याने सहकाऱ्यांच्या वतीने एक छोटी पुस्तिका लिहिली. प्रत्येक अधिकाऱ्याकडून तीन शिलिंग वर्गणी काढली, ४००० प्रती छापल्या आणि त्या खासदारांना वाटायला तो लंडनला गेला.

या पुस्तिकेत रडगाणं नव्हतं. त्याचा मुद्दा असा होता की ज्याच्या घरात पोरं उपाशी आहेत त्याच्या हातात तुम्ही सरकारी तिजोरीची चावी देता आणि त्याच्याकडून प्रामाणिकपणाची अपेक्षा करता. पगार कमी ठेवून सरकार पैसे वाचवत नाही, चोरीला वाट करून देतं. म्हणजे मागणी कर्मचाऱ्यांची, पण फायदा सरकारचाही कसा आहे हे त्याने दाखवलं. हीच त्याची पुढची पद्धत ठरली.

निकाल काय लागला? काहीच नाही. संसदेने त्याकडे लक्षही दिलं नाही. एक सगळा हिवाळा तो लंडनमध्ये खेटे घालत राहिला. इकडे दुकान बुडालं. १७७४ च्या एप्रिलमध्ये रजेशिवाय गैरहजर राहिल्याचं कारण देऊन त्याला नोकरीवरून दुसऱ्यांदा आणि कायमचं काढलं. कर्ज फेडायला घरातलं सामान लिलावात गेलं. दोनच महिन्यांत बायकोपासूनही तो वेगळा झाला.

वय ३७. हातात नोकरी नाही, घर नाही, धंदा नाही.

अमेरिकेत नशीब पालटलं

लंडनच्या त्या खेपांमध्ये एक ओळख मात्र झाली होती. बेंजामिन फ्रँकलिन तेव्हा अमेरिकन वसाहतींचे प्रतिनिधी म्हणून लंडनमध्ये होते. त्यांनी पेनला शिफारसपत्र दिलं. १७७४ च्या नोव्हेंबरअखेर तो फिलाडेल्फियाच्या बंदरात पोहोचला तो इतका तापाने फणफणलेला, की त्याला जहाजातून उचलून उतरवावं लागलं.

बरा झाल्यावर तो एका मासिकाचा संपादक झाला. आणि जानेवारी १७७६ मध्ये त्याने ‘कॉमन सेन्स’ नावाची जेमतेम पन्नास पानांची पुस्तिका छापली. त्या वेळी अमेरिकेतले बहुतेक लोक ब्रिटिश राजाकडे तक्रार करत होते, पण राजाला सोडून द्यावं असं उघडपणे म्हणायला कचरत होते. पेनने ते सरळ म्हटलं. राजा हवा कशाला, असा त्याचा प्रश्न होता. आणि हा प्रश्न त्याने अशा भाषेत विचारला की तो लोहारालाही कळला आणि वकिलालाही.

पुस्तिका हातोहात गेली. सहा महिन्यांत अमेरिकेने स्वातंत्र्य जाहीर केलं. सगळं श्रेय एका पुस्तिकेला देता येणार नाही, पण स्वातंत्र्याची चर्चा घराघरात नेण्यात तिचा वाटा मोठा होता. तिच्या कमाईतला आपला हिस्सा पेनने सैनिकांच्या हातमोज्यांसाठी देऊन टाकला. पुढे युद्धात हरण्याची वेळ आली तेव्हा डिसेंबर १७७६ मध्ये त्याने लिहिलेला ‘द अमेरिकन क्रायसिस’चा पहिला लेख वॉशिंग्टनच्या थकलेल्या सैनिकांना वाचून दाखवण्यात आला.

शाळेच्या पुस्तकात पेनची गोष्ट बहुतेक वेळा इथेच संपते. आपल्या विषयाची गोष्ट मात्र इथून पुढे सुरू होते.

सहा पेन्सचं पुस्तक आणि हादरलेलं सरकार

१७८७ मध्ये पेन युरोपात परतला तो राजकारणासाठी नाही, तर त्याने आराखडा काढलेल्या लोखंडी पुलाला गिऱ्हाईक शोधायला. पण दोन वर्षांत फ्रेंच राज्यक्रांती झाली. एडमंड बर्क या इंग्लंडमधल्या नावाजलेल्या खासदाराने क्रांतीवर कडक टीका करणारं पुस्तक १७९० मध्ये लिहिलं. त्याला उत्तर म्हणून १७९१ मध्ये ‘राइट्स ऑफ मॅन’चा पहिला भाग आला, आणि फेब्रुवारी १७९२ मध्ये दुसरा.

पहिला भाग मुख्यतः हक्कांबद्दल होता. माणूस जन्मतःच समान असतो, एका पिढीने पुढच्या पिढीला बांधून ठेवू नये, असे मुद्दे. दुसऱ्या भागाच्या शेवटच्या प्रकरणात मात्र पेनने वही उघडली आणि इंग्लंडच्या सरकारचा जमाखर्च मांडला.

त्याचा हिशेब साधारण असा होता. सरकार वर्षाला सुमारे एक कोटी ७० लाख पौंड कर गोळा करतं. त्यातले सुमारे ९० लाख जुन्या युद्धांच्या कर्जाचं व्याज भरण्यात जातात. उरलेल्या जवळपास ८० लाखांत सैन्य, दरबार, बिनकामाची पदं आणि मानधनं. फ्रान्सशी आणि अमेरिकेशी मैत्री ठेवली, युद्धं थांबवली, तर सरकार १५ लाखांत चालू शकतं. मग राहिलेल्या ६० लाखांहून जास्त पौंडांचं काय करायचं?

त्याने यादी दिली:

- गरीब घरांतल्या १४ वर्षांखालच्या प्रत्येक मुलामागे वर्षाला ४ पौंड. अशी ६ लाख ३० हजार मुलं धरली तर खर्च २५ लाख २० हजार पौंड. अट एकच, मुलांना शाळेत पाठवायचं.
- ५० ते ६० वयाच्या गरजूंना वर्षाला ६ पौंड आणि साठीनंतर १० पौंड.
- बाळ झालं की मागणी करणाऱ्या आईला २० शिलिंग. नव्या जोडप्याला लग्नाच्या वेळी २० शिलिंग.
- कामाच्या शोधात घरापासून दूर गेलेला माणूस वाटेत मेला तर त्याच्या अंत्यविधीचा खर्च.
- लंडनमध्ये बेकारांसाठी अशा इमारती, जिथे येणाऱ्याला काही न विचारता काम, जेवण आणि झोपायला जागा मिळेल.

शिवाय मोठ्या जमीनदारांच्या उत्पन्नावर चढत्या दराने कर. सुरुवातीला पौंडामागे तीन पेन्स, आणि वर्षाचं उत्पन्न २३ हजार पौंडांच्या घरात गेलं की त्यापुढचं सगळंच कर म्हणून जाईल, इतका चढता.

यातला एक तपशील भारी आहे. म्हाताऱ्यांची संख्या किती, याची सरकारी आकडेवारी तेव्हा नव्हती. इंग्लंडमधली पहिली जनगणना व्हायला अजून नऊ वर्षं बाकी होती. मग पेनने काय केलं? लंडनच्या रस्त्यांवर येणारी-जाणारी माणसं मोजली. दर सोळा-सतरा माणसांमागे एक पन्नाशीच्या पुढचा दिसतो, असा त्याचा अंदाज निघाला आणि तोच त्याने हिशेबात धरला. आजच्या कसोटीवर ही पद्धत कच्चीच. पण मागणी करायची तर आकडा द्यायचा, आणि आकडा नसेल तर स्वतः मोजायचा, हा त्याचा आग्रह होता.

पेन्शनबद्दल त्याचं म्हणणं स्पष्ट होतं. ही भीक नाही. गरीब माणूस आयुष्यभर बिअर, मीठ, साबण, मेणबत्ती घेताना त्यावरचा कर भरत असतो. म्हातारपणी त्याला जे मिळेल ते त्यानेच भरलेल्या पैशाचं व्याज समजा. गरीब लोक टॅक्स भरत नाहीत, असं आज व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं. त्याचं उत्तर १७९२ मध्येच छापून झालं होतं.

सरकारला धास्ती पुस्तकातल्या मजकुराची होतीच, त्याहून जास्त त्याच्या किमतीची होती. पहिला भाग तीन शिलिंगला होता, म्हणजे तो विकत घेणारे खाऊनपिऊन सुखी. पुढे पेनने स्वस्त आवृत्त्यांना मोकळीक दिली आणि पुस्तक सहा पेन्सला, म्हणजे अर्ध्या शिलिंगला मिळायला लागलं. विणकर, चांभार, खाणकामगार ते एकत्र बसून वाचू लागले. मे १७९२ मध्ये राजद्रोही लिखाणाविरुद्ध राजाची जाहीर सूचना निघाली. पेनवर खटला भरला गेला. गावोगावी त्याचे पुतळे जाळले गेले. तो सप्टेंबरमध्ये फ्रान्सला निघून गेला आणि १८ डिसेंबर १७९२ रोजी त्याच्या गैरहजेरीत खटला चालला. जूरीने उठून आपापसात चर्चाही केली नाही, जागेवरच दोषी ठरवलं. त्यानंतर तो पुन्हा इंग्लंडला जाऊ शकला नाही.

क्रांतीच्या तुरुंगात

फ्रान्सने त्याला डोक्यावर घेतलं. मानद नागरिकत्व दिलं, संसदेवर निवडून दिलं. गंमत म्हणजे त्याला धड फ्रेंच बोलता येत नव्हतं, त्याची भाषणं दुसरा कुणीतरी भाषांतर करून वाचायचा.

पण जानेवारी १७९३ मध्ये सोळाव्या लुईला मृत्युदंड द्यायचा की नाही यावर मतदान आलं, तेव्हा राजेशाहीचा हा कट्टर विरोधक राजाचा जीव वाचवायला उभा राहिला. राजेशाही संपवा, पण माणसाला मारू नका, त्याला अमेरिकेला पाठवून द्या, असं त्याचं म्हणणं होतं. राजाचा शिरच्छेद झाला आणि पेन संशयाच्या यादीत गेला. १७९३ च्या डिसेंबरअखेर त्याला अटक झाली.

लक्झेंबर्ग तुरुंगात तो दहा महिने होता. ज्यांना गिलोटिनवर न्यायचं त्यांच्या खोलीच्या दारावर रात्री खडूने खूण केली जायची. पेनने नंतर सांगितलेली हकिकत अशी की, त्याच्या खोलीचं दार बाहेरच्या बाजूला उघडून भिंतीला टेकलेलं होतं, त्यामुळे खूण दाराच्या आतल्या अंगाला झाली. रात्री दार बंद झाल्यावर ती आत गेली आणि न्यायला आलेले लोक पुढे निघून गेले. काही दिवसांत रोबेस्पिएर पडला आणि पेन वाचला. नोव्हेंबर १७९४ मध्ये अमेरिकेचे वकील जेम्स मन्रो यांनी त्याला सोडवून आपल्या पॅरिसच्या घरी नेलं. तब्येत पार खालावली होती.

त्या आजारपणात, १७९५-९६ च्या हिवाळ्यात त्याने शेवटची मोठी योजना लिहिली. नाव ‘अ‍ॅग्रेरियन जस्टिस’. १७९७ मध्ये ती छापून आली.

जमीन कुणाची?

ही पुस्तिका इंग्रजीत छापताना पेनने एक कारण सांगितलं. इंग्लंडमधल्या एका बिशपने, देवाने श्रीमंत आणि गरीब दोघांना निर्माण केलं, या अर्थाचं प्रवचन छापलं होतं. पेनचं म्हणणं असं की देवाने फक्त स्त्री आणि पुरुष निर्माण केले आणि पृथ्वी दोघांना वारसा म्हणून दिली. श्रीमंत-गरीब हे माणसांच्या व्यवस्थेने केले आहेत.

त्याचा युक्तिवाद तीन पायऱ्यांत समजून घेऊ.

एक, जमीन मुळात कुणीच बनवलेली नाही. त्यामुळे नैसर्गिक अवस्थेत ती सगळ्यांची आहे.

दोन, शेती सुरू झाली तेव्हा कसणाऱ्याने जमिनीत मेहनत घातली. त्या मेहनतीने जी किंमत वाढली ती त्याची. पेन जमिनी काढून घ्या असं म्हणत नव्हता. शेतीमुळे उत्पादन वाढलं हे त्याला मान्य होतं.

तीन, पण मेहनत आणि जमीन वेगळी करता येत नाही म्हणून मालकाला मेहनतीबरोबर जमीनही मिळाली आणि बाकीचे त्यांच्या जन्मजात वाट्याला मुकले. म्हणून प्रत्येक मालक समाजाचं भाडं देणं लागतो.

हे भाडं वसूल कसं करायचं? मालक जिवंत असताना त्याला त्रास द्यायचा नाही. संपत्ती एका पिढीकडून दुसरीकडे जाते तेव्हा, म्हणजे वारसाहक्काच्या वेळी, दहावा हिस्सा घ्यायचा. वारस जवळचा नसेल तर आणखी.

इंग्लंडसाठी त्याने आकडे दिले. देशाची एकूण संपत्ती १३० कोटी पौंड. दर वर्षी तिचा तिसावा भाग मृत्यूमुळे हात बदलतो. त्यावरच्या करातून वर्षाला ५६ लाखांहून जास्त पौंड जमतील. पन्नाशीपुढची सुमारे चार लाख माणसं, त्यांना वर्षाला १० पौंड, म्हणजे ४० लाख. उरलेल्या रकमेतून २१ वर्षं पूर्ण करणाऱ्या प्रत्येकाला एकदाच १५ पौंड, आणि अंध-अपंगांना मदत.

अबकारी खात्यात राबून पेनच्या हातात वर्षाला ३२ पौंड उरायचे, हे आठवा. त्याच्या जवळपास निम्मी रक्कम तरुण मुला-मुलींना आयुष्य सुरू करताना मिळावी, म्हणजे गाय घ्यावी, अवजारं घ्यावी, गरिबीत पडल्यावर उचलण्यापेक्षा पडूच देऊ नये, असा विचार होता.

इथे एक मोठा फरक झाला होता. १७९२ च्या योजनेत पैसे गरजूंना होते. १७९७ च्या योजनेत ते सगळ्यांना होते, श्रीमंत असो की गरीब, बाई असो की पुरुष. कारण आता तो मदत मागत नव्हता, थकलेलं भाडं मागत होता. भाड्यावर हक्क सगळ्यांचा. ज्याला नको त्याने ते निधीत परत टाकावं.

टीका दोन्हीकडून झाली. मालमत्तावाल्यांना हा दरोडा वाटला. दुसऱ्या टोकाला थॉमस स्पेन्स नावाचा लंडनमधला पुस्तकविक्रेता होता. त्याचं मत असं की पेनने गरिबांना फार स्वस्तात गुंडाळलं, जमीनच गावाच्या मालकीची करायला हवी. आणि एक अडचण पेनच्या स्वतःच्या हिशेबात होती. त्याचे बरेच आकडे अंदाजाचे होते, आणि पैसा खरंच लोकांपर्यंत पोहोचवणारी यंत्रणा तेव्हा कुठेच नव्हती. ना फ्रान्सने योजना घेतली, ना इंग्लंडने.

ज्याला पेन्शन सुचली त्याचं म्हातारपण

१८०२ मध्ये पेन अमेरिकेत परतला. स्वागत व्हायला हवं होतं. पण मधल्या काळात त्याने ‘द एज ऑफ रीझन’ लिहून चर्चवर आणि धर्मग्रंथांवर टीका केली होती. आपण तुरुंगात असताना मदत केली नाही म्हणून वॉशिंग्टनवर जाहीर पत्रातून तोफ डागली होती. लोकांनी पाठ फिरवली. १८०६ मध्ये तो न्यू रोशेलला मत द्यायला गेला, तर तो अमेरिकन नागरिकच नाही असं सांगून त्याला मत नाकारलं गेलं.

८ जून १८०९ रोजी, वयाच्या ७२ व्या वर्षी, न्यूयॉर्कमध्ये तो वारला. क्वेकरांनी आपल्या दफनभूमीत जागा दिली नाही. शेतावर पुरलं तेव्हा बोटांवर मोजण्याइतकी माणसं होती. दहा वर्षांनी विल्यम कॉबेट या इंग्रज पत्रकाराने, जो आधी पेनचा कडवा टीकाकार होता, त्याची हाडं उकरून इंग्लंडला नेली. तिथे स्मारक बांधायचं होतं. ते झालं नाही आणि कॉबेटच्या मृत्यूनंतर हाडांचा पत्ताही लागला नाही.

मग उरलं काय?

१९०८ मध्ये ब्रिटिश संसदेने वृद्धांच्या पेन्शनचा कायदा केला. सत्तरीपुढच्या गरजूंना आठवड्याला पाच शिलिंगपर्यंत. पेनच्या मागणीनंतर शंभरहून जास्त वर्षांनी. अमेरिकेच्या अलास्का राज्यात १९८२ पासून तेलाच्या उत्पन्नातून उभ्या राहिलेल्या निधीचा वाटा रहिवाशांना दर वर्षी दिला जातो. निसर्गाची संपत्ती सगळ्यांची, हाच त्याचा पाया.

भारतात वारशाने जाणाऱ्या संपत्तीवरचा कर १९५३ मध्ये आला आणि १९८५ मध्ये रद्द झाला. हाती येणारा पैसा कमी आणि कटकट जास्त, हे त्यामागचं मोठं कारण होतं. म्हणजे पेनचा कर कागदावर सोपा दिसतो, वसूल करणं अवघड जातं, हेही आपण अनुभवलं आहे.

आणि महाराष्ट्रात? फुल्यांनी पेन वाचला त्याच्या पुढच्याच वर्षी, १८४८ मध्ये, पुण्यात मुलींची शाळा सुरू झाली. त्या शाळेमागे फुल्यांचे स्वतःचे अनुभव होते, सावित्रीबाईंची मेहनत होती, पुस्तक हे एक कारण फार तर. पण १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे फुल्यांनी दिलेलं निवेदन वाचलं की रीत ओळखीची वाटते. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो, तर शिक्षणाचा खर्च वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावरच का? किमान बारा वर्षांपर्यंतच्या मुलांचं प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. पैसा कुणाचा आणि जातो कुणाकडे, हा प्रश्न आधी आणि मागणी त्याला जोडून. ती मागणी कायद्याने जवळपास देशभर लागू व्हायला १ एप्रिल २०१० उजाडावा लागला.

पेनची एकही योजना त्याच्या हयातीत लागू झाली नाही. पगारवाढीची नाही, मुलांच्या भत्त्याची नाही, पेन्शनचीही नाही. तरीही त्या टिकल्या, कारण त्यांत तीन गोष्टींची उत्तरं होती. हे मिळणं हक्काचं का आहे? किती जणांना, किती मिळणार? आणि पैसा कुणाकडून येणार?

पुढच्या वेळी कुठल्या योजनेवरून फीडमध्ये भांडण दिसलं, तर रेवडी की हक्क यावर कमेंट टाकण्याआधी हे तीन प्रश्न त्या योजनेला लावून बघा. ती आणणाऱ्या पक्षालाही विचारा आणि तिला विरोध करणाऱ्यालाही. उत्तर आलं नाही तर पेनने केलं तेच करावं लागेल. वही काढायची आणि आपणच मोजायला लागायचं.